बिनसाखरेचं फ्रूट कस्टर्ड: तळाशी कण, वर पाणी आणि मधे वडी, नेमकं कुठे चुकतंय?

विश्रामबाग_सांगली

दहा जणांच्या जेवणानंतर द्यायला फ्रूट कस्टर्ड करायचं आहे. त्यातल्या तिघांना मधुमेह आहे. त्यांची वाटी वेगळी काढण्यापेक्षा सगळ्यांनाच बिनसाखरेचं द्यायचं ठरवलं आहे. आधी एक खेप करून पाहिली, तिचं प्रमाण असं: म्हशीचं दूध १ लिटर, व्हॅनिला कस्टर्ड पावडर ६ टेबलस्पून सपाट, एरिथ्रिटॉल २०० ग्रॅम (नेहमीच्या १२० ग्रॅम साखरेच्या जागी). दूध उकळल्यावर पावडर लावली, बुडबुडे दिसताच गॅस बंद केला. कोमट झाल्यावर द्राक्षं, केळं, डाळिंब आणि ताजा अननस घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं.

सकाळी तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण होते आणि वर पाणी सुटलेलं. मधला भाग वडीसारखा घट्ट, आणि अननसाच्या आसपास चक्क कडवट. तोंडात पेपरमिंटसारखा गारवाही येत होता.

गोडीसाठी काय, किती आणि कधी घालावं? पाणी का सुटतं? एरिथ्रिटॉलऐवजी गूळ किंवा तासगावचा बेदाणा वाटून घातला तर चालेल का? आणि एका वाटीत कर्बोदकं किती जातात याचा अंदाज कसा काढायचा? मधुमेहाच्या तिघांपैकी एक जण इन्शुलिनवर आहेत, त्यामुळे हा आकडा हवा आहे.

कृष्णाकाठ

ताई, या सगळ्याचं मूळ एकच आहे. साखर काढून तेवढ्याच गोडीचं दुसरं काहीतरी घातलं, पण कृती साखरेचीच राहिली. कस्टर्डमध्ये साखर गोडीखेरीज इतर कामंही करते. लिटरभर दुधात शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर विरघळली की मिश्रणाला अंग येतं. ती पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे स्टार्च थोडं उशिरा व मऊ आळतं. साखर नसली की तीच पावडर लवकर आणि जास्त घट्ट होते.

आता एकेक घेऊ. कण एरिथ्रिटॉलचे आहेत. गरम दुधात ते सहज विरघळतं, पण दूध गार झालं की त्याची विरघळण्याची क्षमता खूप घसरते. २०० ग्रॅम एका लिटरला फ्रीजच्या थंडीत मावत नाही, जादा झालेलं खडे होऊन तळाशी बसतं. गारवाही त्याचाच. ते तोंडात विरघळताना उष्णता ओढून घेतं. लिटरला ६० ग्रॅमच्या वर जाऊच नका. उरलेली गोडी दुसऱ्या गोडव्याने भरून काढा.

६ टेबलस्पून पावडर म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम. एवढ्यात वडीच पडणार. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, ते मुळातच दाट. पळीवाढं कस्टर्ड हवं असेल तर लिटरला साडेतीन टेबलस्पून, म्हणजे २८ ग्रॅम पुरे. गाईचं दूध असेल तर चार. चमचा सपाट हवा, सुरीने वरून ओढून घेतलेला. शिगोशिग चमच्यात जवळजवळ दुप्पट पावडर येते. गरम असताना कस्टर्ड पातळ वाटलं म्हणून पावडर वाढवू नका, ते गार होताना आळतं. पळीच्या पाठीवर थर राहिला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की झालं.

वर पाणी सुटायची कारणं अनेक. पहिलं, तुम्ही बुडबुडे दिसताच गॅस बंद केला. मक्याचं स्टार्च ६२ ते ७२ अंशांना फुगायला लागतं, पण पूर्ण शिजायला ९५ अंशांजवळ जावं लागतं. उकळी फुटल्यावर मंद आचेवर पुरी दोन मिनिटं ढवळत शिजवा, कच्ची पिठूळ चवही जाते. दुसरं, आळलेलं कस्टर्ड पुन्हा जोरात ढवळलं की बांधलेली जाळी तुटते आणि आतलं पाणी मोकळं होतं. फळं मिसळायची तर हलक्या हाताने, खालून वर. तिसरं, कापलेली फळं रात्रभर स्वतःचा रस सोडत राहतात. चौथं कारण सहसा लक्षात येत नाही: चव घेतलेला उष्टा चमचा पुन्हा पातेल्यात जाणं. लाळेतलं अमायलेज स्टार्च फोडतं आणि पातेलंभर कस्टर्ड दोन तासांत ताकासारखं पातळ होऊ शकतं. चव बघायची तर वाटीत वेगळं काढून बघा.

कडवटपणा अननसाचा. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांना कडू चव असते. किवी आणि कच्ची पपई यांचंही तसंच. अननस हवाच असेल तर फोडी पाच मिनिटं उकळून, पूर्ण गार करून, पाणी निथळून घाला. डब्यातल्या अननसात ही अडचण येत नाही, पण तो बहुधा साखरेच्या पाकात असतो, म्हणून आपल्या कामाचा नाही.

माझं प्रमाण देतो. म्हशीचं दूध १ लिटर, त्यातलं १०० मिली थंडगार बाजूला काढून त्यात पावडर कालवा. दूध गरम असेल तर पिठाच्या गोळ्याचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं, आतलं पीठ कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. त्या नंतर फेटून फुटत नाहीत, गाळावंच लागतं. उरलेलं ९०० मिली दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळून ८०० मिलीपर्यंत आटवा. त्यात ६० ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि दोन चिमटी मीठ विरघळवा. मीठ गोडी उठवतं. आच मंद करा, कालवलेलं मिश्रण तळापासून पुन्हा ढवळा कारण स्टार्च खाली बसतं, मग एका हाताने बारीक धार आणि दुसऱ्या हातात रवी किंवा व्हिस्क. उकळीनंतर दोन मिनिटं. शेवटी भिजवून सोललेल्या २५ बदामांची गुळगुळीत पेस्ट घाला, साखरेमुळे येणारं अंग थोडंफार त्यातून मिळतं. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून हलवा म्हणजे साय धरत नाही. कोमट झाल्यावर मात्र हात थांबवा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

अजिंक्यतारा७७

वरच्या उत्तरात एरिथ्रिटॉल ठेवलंय, त्याची गरज मला पटत नाही. अंगासाठी बदाम आणि आटवलेलं दूध आहेच, मग गोडी निव्वळ सुक्रालोजने आणावी. स्वस्त पडतं, खडे होत नाहीत आणि पोटालाही त्रास नाही.

हिशेब सोपा आहे. बाजारातली एक गोळी साधारण एका चहाच्या चमच्याइतक्या, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखरेइतकी गोड असते. डबीवर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. लिटरला शंभर ग्रॅम साखरेची गोडी हवी असेल तर २० ते २२ गोळ्या, दोन चमचे गरम दुधात विरघळवून. कृष्णाकाठ यांचं ६० ग्रॅम एरिथ्रिटॉल ठेवलंत, तर त्याची गोडी ४० ग्रॅम साखरेएवढी होते (ते साखरेच्या साठ-सत्तर टक्के गोड), मग गोळ्या १२ पुरतील. सुट्या पुडीत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन असतं, आणि ते कर्बोदकच आहे. चमच्या-दोन चमच्यांनी फरक पडत नाही, पण वाटीभर ओतली तर पडतो.

स्टीव्हिया उकळीला टिकतं, पण प्रमाण जरा चुकलं की ज्येष्ठमध चघळल्यासारखी चव मागे रेंगाळते. शुद्ध अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड, म्हणजे लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम. घरचा काटा एवढं मोजत नाही, म्हणून थेंबांची बाटली घ्या. कुंडीतल्या स्टीव्हियाची वाळवलेली पानं कुटून घालू नका, हिरवट रंग आणि कडवटपणा दोन्ही येतात.

अ‍ॅस्पार्टेमची गोळी असेल तर कस्टर्ड कोमट झाल्यावरच घाला. उकळीत ते मोडतं आणि गोडी उतरते. डबीवर फिनाइलकीटोन्युरिया (प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही असा जन्मजात आजार) असणाऱ्यांसाठी सूचना असते, ती गांभीर्याने घ्यायची.

कोणतीही गोडी असो, गरम असताना बेताची वाटली तर फ्रीजमधून काढल्यावर कमीच लागेल. वेलची, जायफळ, केशर यांनी मागची चव झाकते. व्हॅनिला कस्टर्डवर जायफळाचे दोन-तीन घासे फार छान लागतात.

वाटीचा_हिशेब

गूळ आणि बेदाण्याबद्दल आधी, कारण आपल्या भागात हा गैरसमज फार आहे.

गूळ साखरच आहे. त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास सुक्रोज असतं, वर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज. लोह आणि खनिजं थोडी जास्त असतात, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने फरक नगण्य. शिवाय उकळत्या दुधात गूळ पडला की त्यातल्या आम्लामुळे दूध फाटू शकतं. महाबळेश्वरचा मध घेतलात तरी शंभर ग्रॅममध्ये सुमारे ऐंशी ग्रॅम साखरच जाते. तासगावचा बेदाणा म्हणजे सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो ऐवज. द्राक्षांची सगळी साखर त्यात एकवटलेली असते, शंभर ग्रॅमला सत्तरच्या वर कर्बोदकं. खजूरही त्याच घरातला. "साखर नाही, खजुराने गोड केलंय" हे इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला सांगणं धोक्याचं आहे, कारण तो मात्रा त्या बोलण्यावर ठरवतो.

आता दुसरी गोष्ट. घरी केलेलं हे कस्टर्ड "शुगर फ्री" नसतं, "वरून साखर न घातलेलं" असतं. एफएसएसएआयच्या नियमात शुगर फ्री म्हणायला शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. दुधात मात्र शंभर मिलीला पाच ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा असतेच. लॅक्टोज-फ्री दूध घेऊनही सुटका नाही. त्यात दुग्धशर्करा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये मोडलेली असते इतकंच, एकूण साखर तेवढीच. ते चवीला थोडं जास्त गोड लागतं, हा फायदा तेवढा घेता येईल.

कृष्णाकाठ यांच्या प्रमाणाचा हिशेब असा. एक लिटर दूध: ५० ग्रॅम. ते आटवलं तरी ५० च राहतात, फक्त कमी जागेत. कस्टर्ड पावडर जवळजवळ सगळी मक्याचं स्टार्च, २८ ग्रॅमला २५ धरा. बदामांचे दोन-तीन. एरिथ्रिटॉल वेष्टनावर कर्बोदकांत दाखवतात, पण ते बहुतांशी लघवीवाटे तसंच बाहेर पडतं, म्हणून शून्य. एकूण सुमारे ७८. दहा वाट्या केल्या तर वाटीला आठ ग्रॅम. हेच १२० ग्रॅम साखर घालून केलं तर वाटीला वीस.

फळांचा आकडा वेगळा मोजायचा, आणि बिघडतं ते इथेच. ५० ग्रॅम फोडींमागे केळ्यातून साडेअकरा, डाळिंब आणि द्राक्षांतून साधारण नऊ, सफरचंद आणि पेरूतून सात, स्ट्रॉबेरीतून चार. म्हणजे केळं-द्राक्षं भरपूर घातली की फळांची कर्बोदकं कस्टर्डपेक्षा जास्त होतात. माझी निवड स्ट्रॉबेरी आणि पेरू. हंगामात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आपल्याकडे ताजी येते, आणि पेरूत तंतूही चांगले. पेरूच्या बिया काढून गराच्या लहान फोडी करा. डाळिंबाचे दहा-बारा दाणे वरून, देखण्यापुरते.

घट्टपणासाठी दूध पावडर किंवा मिल्कमेडसारखं आटीव दूध कुणी सुचवलं तर नाही म्हणा. दूध पावडरीत चाळीस-पन्नास टक्के दुग्धशर्करा आणि आटीव दुधात ढीगभर साखर.

इन्शुलिनवाल्यांना वाटी भरून देण्याआधी ग्रॅमचा आकडा सांगा, मात्रा ते आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील.

मिरजेची_माई

अंडं चालत असेल तर पावडर सोडाच. कस्टर्ड पावडर मुळात अंड्याला पर्याय म्हणूनच आली: १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी, पत्नीला अंडं सोसत नव्हतं म्हणून, मक्याच्या स्टार्चवर ती बनवली. अंड्याने आळवलं तर स्टार्चची कर्बोदकं पूर्ण वगळता येतात.

अर्धा लिटर दूध, ४ अंडी, सुक्रालोजच्या ८ गोळ्या, व्हॅनिला अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. दूध उकळायचं नाही, बोट सोसेल इतकंच गरम करून त्यात गोळ्या विरघळवायच्या. अंडी फेटताना फेस येऊ द्यायचा नाही. फेस म्हणजे वर जाळी. गाळणीतून दोनदा गाळा. पाच वाट्यांत ओतून वाट्यांना फॉइल लावा, मोदकपात्रात पाणी उकळल्यावर आच अगदी मंद करून २० ते २५ मिनिटं वाफवा. झाकणाला फडकं बांधा, थेंब पडत नाहीत. मधला भाग जरासा हलत असतानाच उतरवा, उरलेलं स्वतःच्या उष्णतेने आळतं.

यात साखर नसल्याचा एक परिणाम लक्षात ठेवा. साखर अंड्याला उशिरा आळवते. ती नसली की अंडं लवकर आळतं आणि लवकर फाटतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७७-७८ अंशांना थांबा. ८५ च्या पुढे गेलं की भोकं पडतात आणि पाणी सुटतं. वाटीला कर्बोदकं साधारण पाच ग्रॅम, शिवाय पावडरच्या कस्टर्डपेक्षा प्रथिनं कितीतरी जास्त.

वर कॅरॅमल मात्र जमणार नाही, सुक्रालोज किंवा एरिथ्रिटॉल साखरेसारखं करपून तपकिरी होत नाही. त्याऐवजी कडक कॉफीचा अर्क एक चमचा वरून सोडा.

अंडं नको असेल आणि गोठ्यातून चीक मिळत असेल तर खरवस हाच आपला वाफवलेला कस्टर्ड. पहिल्या दिवसाचा चीक १ वाटी, दूध १ ते दीड वाटी, गुळाऐवजी गोळ्या, वेलची-जायफळ. पहिल्या चिकात दुग्धशर्करा नेहमीच्या दुधापेक्षा कमी असते, त्यामुळे हिशेबातही तो बसतो.

विश्रामबाग_सांगली

सगळ्यांचे आभार, हिशेब फार उपयोगी पडला. दहापैकी चौघे अंडं खात नाहीत, म्हणून पावडरचंच करते. दोन शंका राहिल्या. करायचं सांगलीत आणि न्यायचं कराडला, जवळजवळ दोन तास गाडीत. कसं न्यावं? आणि व्हॅनिलाची पावडर संपली तर साधं कॉर्नफ्लोअर वापरून रंग कशाने आणावा?

कृष्णाकाठ

कॉर्नफ्लोअर त्याच वजनाने वापरा, २८ ग्रॅम. रंगाला केशराच्या १०-१२ काड्या कोमट दुधात भिजवून. केशर नसेल तर आपली सांगलीची हळद, पण लिटरला दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्या निम्मी, आणि ती पावडरसोबत थंड दुधातच कालवायची म्हणजे उकळीत तिचा कच्चा वास जातो. व्हॅनिला इसेन्स एक चमचा, गॅस बंद केल्यावर. पावडरीत मीठ असतं, कॉर्नफ्लोअरमध्ये नसतं, तेव्हा मिठाची चिमूट एक जास्त.

गाडीत नेण्यासाठी आदल्या रात्री करून स्टीलच्या रुंद डब्यात पसरट ओतून गार करा. उंच डब्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि दूध तिथेच नासतं. डबा काठोकाठ भरा, हिंदकळायला जागा ठेवू नका. हिंदकळलं की जाळी तुटते आणि पुन्हा पाणी. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, गोठून सुटलेल्या स्टार्चचा स्पंज होतो. निघताना डबा बर्फाच्या पेटीत, खाली-वर बर्फाच्या पिशव्या. थंड पेटीशिवाय दुधाचा पदार्थ दोन तासांवर बाहेर नको, उन्हाळ्यात तर एक तासही बास.

फळं कापलेली नेऊ नका. पेरू, स्ट्रॉबेरी धुऊन पुसून अख्खी न्या, कराडला पोचल्यावर कापा आणि वाढताना वाटीतच घाला. मधुमेहाच्या वाट्यांत फोडी स्वयंपाकघराच्या काट्यावर ५० ग्रॅम मोजून.

वाटीचा_हिशेब

एक दुरुस्ती: दहा वाट्या म्हणजे ९० ते ९५ मिलीच्या. मोठ्या बाउलमध्ये वाढलंत तर आठ ग्रॅमचे सहज चौदा-पंधरा होतील. वाढायला एकच पळी ठेवा आणि ती किती मिलीची आहे हे आधी पाण्याने मोजून घ्या.